‘पट’ आणि पारख : मराठी चित्रपटप्रेक्षकाच्या अभिप्रायाचा इतिहास

मराठीत चित्रपटांच्या निरनिराळ्या जातींना जी नावे रूढ झाली, त्यांतील बहुतेकांच्या शेवटी ‘पट’ हे एकच पद येते. मूकपट, बोलपट, संतपट, तमाशापट, स्टंटपट, रहस्यपट, भयपट, चरित्रपट असे हे कुटुंब असून त्यातील ‘पट’ म्हणजे मुळात वस्त्र, आणि पुढे ज्यावर चित्र रेखाटले जाते ते वस्त्र. परदेशातून आलेल्या कलेला भाषेने एका जुन्या शब्दाने आपलेसे केले, ही गोष्ट जितकी लक्षणीय आहे तितकीच दुसरीही एक आहे : यांतील बरीच नावे प्रेक्षक, जाहिरातदार आणि वृत्तपत्रे यांच्या रोजच्या व्यवहारातून रुळली, आणि प्रत्येक नावाबरोबर तो चित्रपट कोणत्या मापाने मोजायचा याची एक अलिखित समजूतही रुळत गेली. आजचा चित्रपटवेडा रसिक एका आठवड्यात एखादा भयपट, एखादा ऐतिहासिक चित्रपट आणि एखादा विनोदी चित्रपट पाहून तिन्हींविषयी ठामपणे मत देतो, तेव्हा तो विनोदी चित्रपटाकडे इतिहासाचा पुरावा मागत नाही आणि संतपटाकडे धक्का मागत नाही. तिन्हींसाठी त्याच्यापाशी तीन मापे असतात, आणि ती त्याला कोणी शिकवली असे विचारले तर त्याला सांगता येणार नाही. ही मापे सुमारे शंभर वर्षांत घडली असून त्यांच्या घडणीत कीर्तन, संगीत नाटक, तमाशा, तिकिटांचे दर, जत्रेतले तंबू आणि पुढे फिल्म सोसायट्या या सगळ्यांचा हात आहे.

अगदी आरंभी मात्र जाती नव्हत्या आणि मापेही नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचे पहिले खेळ झाले, तेव्हा पडद्यावर आगगाडी स्थानकात येत होती, कामगार कारखान्यातून बाहेर पडत होते, एक भिंत पाडली जात होती आणि माणसे समुद्रात डुंबत होती; प्रेक्षकाला चांगले-वाईट ठरवण्याजोगे त्यात काही नव्हते, चित्र हलते हाच सारा विषय होता. तिकीट एक रुपया होते, म्हणजे सामान्य मजुराच्या आवाक्याच्या पलीकडचे. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तेथे पुढे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत वेगवेगळे दर लागले, शिवाय पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी राखीव बॉक्सची सोय झाली. चित्रपटाचा प्रेक्षक एकजिनसी नसून दरांप्रमाणे विभागलेला आहे, ही वस्तुस्थिती अशा रीतीने पहिल्याच महिन्यात प्रस्थापित झाली, आणि अभिप्रायाच्या इतिहासात तिचे महत्त्व पुढे फार वाढले.

हलत्या चित्रांचे नवल मुंबईत नवे असले तरी पडद्यावरच्या प्रकाशचित्रांचे नव्हते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करीत होते. दिव्याच्या उजेडाने ती चित्रे पडद्यावर मोठी दिसत, आणि त्यांच्या जोडीला निवेदन व संगीत असे. हे खेळ पाहणाऱ्याला गोष्ट आधीपासूनच ठाऊक असे, त्यामुळे पुढे काय होणार ही उत्सुकता त्याच्या मनात नसे, तर ठाऊक असलेली गोष्ट कशी दाखवली याकडे त्याचे लक्ष असे. कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्याचीही हीच वृत्ती असते. पौराणिक चित्रपटाचा प्रेक्षक याच मुशीतून तयार होऊन चित्रपटगृहात आला.

मराठी भाषेतील पहिला विस्तृत, विचारपूर्वक लिहिलेला चित्रपटविषयक अभिप्राय एका निर्मात्याच्या हातचा आहे, आणि तो निर्माता होण्यापूर्वीच्या त्याच्या प्रेक्षकपणाविषयी आहे, ही बाब चित्रपटाच्या इतिहासकारांनी जितकी ठळक करायला हवी होती तितकी केलेली नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१७-१८ या काळात ‘नवयुग’ मासिकात ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर लेख लिहिले. त्यांत त्यांनी मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रावरील चित्रपटाची हकिगत दिली आहे. डोळ्यांसमोरून ख्रिस्ताचे जीवन सरकत असता मनात मात्र राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, हा त्या हकिगतीचा गाभा होय. पुढे ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहायला गेले, आणि त्यानंतरचे सुमारे दोन महिने मुंबईत लागलेला प्रत्येक चित्रपट पाहून त्याची चिकित्सा करीत राहिले. अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. चित्रपट पाहणे, घरच्यांना दाखवणे, पुन्हा पाहणे आणि पाहिलेल्याची मनात दुसऱ्याशी तुलना करणे, ही रसिकाची सर्व कृत्ये येथे एकत्र सापडतात. भारतीय कथाचित्रपटाचा उगम कारागिरीत जितका आहे तितकाच या बेभान प्रेक्षकपणात आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठी लागला, तेव्हा त्याच कार्यक्रमात नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्याची कसरत असेही भाग होते. चित्रपट हा तेव्हा अनेक नवलांमधला एक होता. वर्षभरापूर्वी, १८ मे १९१२ रोजी, त्याच जागी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता, पण ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते. सुरतेला ‘राजा हरिश्चंद्र’च्या पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले, म्हणून फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ केवळ तीन आण्यांत अशा आशयाची जाहिरात केली आणि गर्दी लोटली, असे सांगितले जाते. तेथील प्रेक्षकाला नाटकाची रात्रभराची लांबी परिचित होती. तासा-दीडतासाच्या खेळाला एवढे पैसे का द्यायचे, हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि फाळक्यांनी त्याचे उत्तर त्याच्याच मापात, म्हणजे लांबीत दिले. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, हे त्या काळाच्या आठवणींत वारंवार येते. ही भाबडेपणाची निशाणी म्हणून सांगण्याची प्रथा आहे, ती अन्यायाची आहे. तोच प्रेक्षक मारुतीचे उड्डाण कसे जमवले याची चर्चाही करीत होता. भक्ती आणि कसबाची पारख या दोन गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि पौराणिक चित्रपटाचे माप या दोहोंचे मिळून बनले होते.

दुसरे माप कोल्हापुरात घडले. बाबूराव पेंटर यांनी १९१७मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की आक्षेप आले आणि ते कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी पेंटर यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. १९२३चा ‘सिंहगड’ हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला होता आणि त्यात कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. प्रेक्षकांपैकी अनेकांनी ती कादंबरी वाचलेली, पोवाडे ऐकलेले आणि गडही पाहिलेला होता; त्यामुळे पोशाख, शस्त्रे, वाडे आणि चालीरीती यांविषयी ‘हे असे नव्हते’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांना वाटू लागला. ऐतिहासिक चित्रपटाला सत्यतेची कसोटी लागली ती या जाणकारीमुळे. पुढे भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’, ‘छत्रपती शिवाजी’, ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटांतून ही कसोटी पक्की झाली, आणि अगदी अलीकडच्या शिवकालीन चित्रपटांवरील वादांतही तीच ऐकू येते. तिचे बळ आणि तिची अडचण एकाच ठिकाणी आहे : इतिहास जपण्याच्या आग्रहात दृश्यरचना, गती, अभिनय यांच्याविषयी बोलणे बऱ्याचदा राहून जाते.

मत दिले जात होते ते मात्र मुख्यतः कागदावर नव्हे, तर चित्रपटगृहातच, खेळ चालू असताना. पडद्याच्या अगदी पुढची, सर्वांत स्वस्त जागा म्हणजे ‘पिट’. तिच्या मागे स्टॉल, वर बाल्कनी, कडेला बॉक्स. मूकपटाच्या काळात दृश्यांच्या मधे लिहिलेल्या पाट्या येत, आणि अक्षरओळख असलेला प्रेक्षक त्या शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाची. म्हणजे चित्रपट पाहणे ही क्रिया बोलत बोलतच व्हायची, आणि पाटी वाचणाऱ्याच्या सुरातच त्याचे मत मिसळलेले असायचे. पिटातून शिट्ट्या येत, टाळ्या येत आणि नाणीही उधळली जात. या नाणी उधळण्याला तमाशाच्या फडातील ‘दौलतजादा’ची पार्श्वभूमी आहे, दौलतजादा म्हणजे नर्तिकेच्या अदेवर खूश होऊन प्रेक्षकाने तिला भर खेळात दिलेली बिदागी. फडात ती बिदागी नर्तिकेच्या हाती पोहोचते, चित्रपटगृहात मात्र ती पडद्यावर आपटून खाली पडते, आणि तरीही ती फेकली जाते, यावरून ती देणे म्हणजे पैसा देणे नसून मत देणे आहे हे स्पष्ट होते.

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाजवळ याहून मोठे हत्यार होते. पद आवडले की तो ‘वन्समोअर’ देई आणि गायक नटाला ते पद पुन्हा म्हणावे लागे. एकेका पदाला अनेक वन्समोअर मिळून नाटक पहाटेपर्यंत चाले. चित्रपटाने हे हत्यार त्याच्या हातातून काढून घेतले, कारण फिल्मची रिळे प्रेक्षकाच्या इच्छेने मागे फिरत नाहीत. मग वन्समोअर चित्रपटगृहाच्या बाहेर आला : तोच चित्रपट पुन्हा तिकीट काढून पाहणे हा त्याचा नवा अवतार झाला. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, पन्नास आठवड्यांचा सुवर्णमहोत्सव ही मोजणी वरवर धंद्याची दिसली तरी ती हजारो वन्समोअरांची बेरीज होती. तीन-सहा-नऊच्या खेळांना लागणाऱ्या रांगा आणि दारावरची ‘हाऊसफुल्ल’ची पाटी यांतून गावाचे मत गावाला कळत असे. त्याची शब्दकळाही स्वतंत्र आहे. चित्रपट ‘लागतो’, मग तो ‘चालतो’ किंवा ‘पडतो’, मध्यंतरानंतर ‘ढेपाळतो’, आणि फारच वाईट असेल तर ‘डब्यात जातो’, कारण रिळे पत्र्याच्या गोल डब्यांतून येत व न चाललेला चित्रपट त्याच डब्यांत परत जाई. या शब्दांत दिग्दर्शक, छायाचित्रण वा संकलन यांचे नाव नाही, पण चित्रपट आणि त्याला पाहणारा समूह यांच्यातील संबंधाचे वर्णन म्हणून ते अत्यंत नेमके आहेत.

प्रेक्षकाच्या या वर्गवार आवडीची पहिली मोठी सरकारी दखल १९२७-२८मध्ये घेतली गेली. दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीने देशभर प्रश्नावल्या पाठवल्या आणि शेकडो साक्षीदारांना विचारणा केली. फाळके यांचीही साक्ष झाली. बहुसंख्य भारतीय प्रेक्षक भारतीय चित्रपटच अधिक पसंत करतो, असा निष्कर्ष निघाला. कोणत्या थरातील प्रेक्षकाला काय आवडते याची विचारपूस त्या साक्षींमधून झाली, आणि सुशिक्षितांची रुची व पिटाची रुची अशी जी विभागणी पुढे समीक्षेत कायम झाली तिचे आरंभीचे रूप तेथे वाचायला मिळते. त्या विभागणीचा सर्वाधिक तोटा स्टंटपटाला झाला. मारामारी, घोडदौड, तलवारबाजी आणि उड्या यांवर उभा असलेला हा प्रकार मूकपटाच्या काळात मास्टर विठ्ठल यांनी गाजवला. त्यांची कारकीर्द कोल्हापुरात पेंटर यांच्याकडे सुरू झाली होती आणि १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही तेच होते. १९३५मध्ये वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’ने त्यातील नायिका नादिया यांना घरोघरी पोहोचवले. स्टंटपटाविषयी लिहिले गेले फारच थोडे, कारण लिहिणारा बाल्कनीत बसत असे आणि स्टंटपटाचे मत पिटात दिले जात असे.

बोलपटाच्या पहिल्या दशकात या सर्व मापांची परीक्षा एकाच संस्थेने घेतली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली व १९३३मध्ये ती पुण्याला आणली. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ हा तिचा पहिला बोलपट हरिश्चंद्राचीच कथा घेऊन आला, म्हणजे माप जुनेच होते. १९३६चा ‘संत तुकाराम’ मात्र वेगळा ठरला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाने मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ मुक्काम केला आणि १९३७च्या व्हेनिस महोत्सवात तो जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. खेड्यांतून माणसे बैलगाड्या जुंपून तो पाहायला येत. विष्णुपंत पागनीस यांच्यात तुकोबा पाहणारा वारकरी आणि व्हेनिसचा परीक्षक यांनी एकाच चित्रपटाला कौल दिला, पण दोघांची कारणे वेगळी होती. वारकऱ्याच्या लेखी तो कीर्तनाचा उत्तररंग होता. उत्तररंग म्हणजे कीर्तनाचा तो दुसरा भाग, ज्यात पूर्वरंगात मांडलेला विचार आख्यानाने सिद्ध केला जातो. परक्या परीक्षकासमोर हे सारे नव्हते. त्याच्यासमोर एक गरीब घर, रिकामी चूल, देवावर रागावलेली एक बायको आणि त्या रागाकडे सोशिकपणे पाहणारा एक माणूस होता. गौरी यांनी उभी केलेली जिजाई ही या दोन अभिप्रायांना जोडणारा दुवा होय, कारण तिचे भांडण वारकऱ्यालाही घरचे वाटले आणि परक्यालाही माणसाचे. संतपट हा प्रकार पुढे पुष्कळ चालला, ‘संत ज्ञानेश्वर’ आणि ‘संत सखू’ प्रभातनेच काढले, पण चमत्कार आणि संसार यांचा असा तोल क्वचितच साधला गेला.

‘संत तुकाराम’नंतरच्या वर्षी आलेल्या ‘कुंकू’ने सामाजिक चित्रपटाचे माप बदलले. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील या चित्रपटात म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याची पत्नी म्हणून राहायला नकार देते. शांता आपटे यांचा तडफदार अभिनय आणि पार्श्वसंगीताऐवजी घरातल्या-रस्त्यावरच्या प्रत्यक्ष आवाजांचा वापर, या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाला नव्या होत्या. चित्रपट कसा आहे या प्रश्नाबरोबर नीरेने केले ते बरोबर की चूक हाही प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. सामाजिक चित्रपटाविषयी मत देणे म्हणजे समाजाविषयी बाजू घेणे, ही समजूत तेव्हा खोल रुजली; तिचा उपकार असा की चित्रपटाची चर्चा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. ज्या स्त्रिया राखीव जागांवर बसून खेळ पाहत आणि ज्यांच्या मताची नोंद कोणत्याही मासिकात होत नसे, त्यांचे मत या चर्चेत वजनदार होते. अर्धशतकानंतर, १९९१मध्ये, ‘माहेरची साडी’ला गावोगावच्या स्त्रियांनी जो प्रतिसाद दिला आणि समीक्षकांनी जी उपेक्षा दिली, त्या दोहोंची तुलना केली तर हे मत लेखी समीक्षेपासून किती स्वतंत्र राहिले ते दिसते.

छापील समीक्षेचा धाक निर्माण केला तो एका मराठी माणसाने, पण इंग्रजीत. बाबूराव पटेल यांनी १९३५मध्ये ‘फिल्मइंडिया’ हे मासिक सुरू केले, आणि त्यांच्या बोचऱ्या परीक्षणांना निर्माते दचकून असत. मराठीत आचार्य अत्रे यांच्यासारखा लेखक पटकथाकार, निर्माता आणि पत्रकार या तिन्ही नात्यांनी चित्रपटाशी जोडलेला होता. त्यांचा ‘श्यामची आई’ राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी झाला. साहित्यिक आणि पत्रकार चित्रपटाविषयी लिहीत असल्यामुळे कथा, संवाद आणि गीते यांची पारख मराठी परीक्षणात प्रथमपासून सूक्ष्म राहिली, प्रतिमेची पारख मागे पडली.

याच काळात तमाशापटाची लाट आली. १९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने तिला आरंभ केला, आणि १९५९मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकच चित्रपट एकाच जागी चालतो, तेव्हा त्याला शहराबाहेरचा प्रेक्षक धरून ठेवत असतो : बाजाराला, कोर्टाच्या कामाला, औषधपाण्याला पुण्यात आलेला शेतकरी परतीपूर्वी तो पाहून जाई. तमाशाला जाणे ज्यांच्या घरी अप्रतिष्ठेचे मानले जाई, त्यांनाही चित्रपटगृहात सहकुटुंब बसून लावणी पाहता आली. मूळ कलावंतिणींच्या वाट्याला मात्र ती प्रतिष्ठा आली नाही, आणि तमाशापटाविषयी लिहिताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच चित्रपटातील एक अभिनेत्री हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला ‘सांगत्ये ऐका’ हेच नाव दिले, आणि श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ त्या आत्मचरित्रावरून स्फुरला.

वेगळ्या, सर्व जातींना एकच लावता येईल अशा मापाचा शोध १९५२नंतर सुरू झाला. त्या वर्षी जानेवारीत मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला गेला, आणि गाणी नसलेला, सायकलीच्या चोरीएवढ्या लहान घटनेवरचा चित्रपट माणसाला हलवून सोडतो हे येथील प्रेक्षकांनी आणि चित्रकर्त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. १९५९मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. फिल्म सोसायटी म्हणजे वर्गणी भरून, तिकीटबारीवर न येणारे देशोदेशीचे चित्रपट पाहणाऱ्या सभासदांचे मंडळ. मुंबईत १९६८मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झाले, त्याने पुण्याच्या त्या जुन्या कंपनीचेच नाव धारण केले आणि ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक चालवले. प्रभातच्या पुण्यातील आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली होती, १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि संग्रहालयाचे पी. के. नायर व इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादूर यांनी चित्रपट कसा पाहावा हे शिकवणारे वर्ग उभे केले. मराठीत या वर्गांना ‘रसास्वाद शिबिर’ हे नाव पडले, ते फार समर्पक आहे. रस हा काव्यशास्त्रातील शब्द असून त्यात वस्तूचा गुण आणि घेणाऱ्याची तयारी हे दोन्ही गृहीत असते. या शिबिरांनी कॅमेऱ्याची जागा, दृश्याची लांबी, ध्वनी, संकलन यांच्याकडे पाहायला शिकवले. अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’, अशोक राणे व गणेश मतकरी यांचे लेखन हे या शिक्षणाच्या वातावरणात बहरलेले मराठी चित्रपटविचाराचे मोलाचे धन आहे.

तरीही पिटाचे माप मागे हटले नाही. १९७१चा दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आणि जब्बार पटेल यांचा विजय तेंडुलकरलिखित ‘सामना’ यांच्यात काही वर्षांचेच अंतर आहे. ‘सामना’ १९७५मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला, कोंडक्यांच्या एकामागोमाग एक चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. दोन्ही चित्रपट पाहणारा आणि दोन्ही आवडणारा प्रेक्षक त्या काळी पुष्कळ होता, समीक्षेच्या पुस्तकांत मात्र तो सापडत नाही. त्याचा आवाज ऐकू आला तो शिरीष कणेकर यांच्या ‘माझी फिल्लमबाजी’ या एकपात्री कार्यक्रमात. रंगमंचावर एक माणूस उभा राहून आपल्या चित्रपटवेडाविषयी बोलतो आणि तिकीट काढून आलेले सभागृह त्याला दाद देते, असा हा प्रकार होता. चित्रपटप्रेमीचे मत हाच स्वतंत्र प्रयोग झाला, यापेक्षा त्या मताची मोठी मान्यता कोणती असू शकेल?

ग्रामीण भागातील अभिप्रायाचे ठिकाण जत्रा हे होते. मालमोटारीवर प्रोजेक्टर लादून गावोगाव फिरणारे टुरिंग टॉकीजचे मालक सुगीनंतरच्या जत्रांत तंबू ठोकत. दिवसा ध्वनिक्षेपकावरून खेळांची नावे पुकारली जात, रात्री प्रेक्षक जमिनीवर बसत. एकाच जत्रेत शेजारशेजारच्या तंबूंत देवाधर्माचा, मारामारीचा आणि तमाशाचा चित्रपट लागलेला असे, आणि तंबू निवडणे हेच प्रेक्षकाचे पहिले मत असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या अनुबोधपटाने या फिरत्या चित्रपटगृहांची अखेरची वर्षे टिपली. २०१६मध्ये कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला.

दूरदर्शनने मात्र मताला काळाचे परिमाण दिले. मुंबई केंद्र १९७२मध्ये सुरू झाले आणि शनिवारच्या मराठी चित्रपटाने पूर्वी न पाहिलेले किंवा विसरलेले चित्रपट घरात आणले. पुढे खासगी वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणांनी १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’ला तो पडद्यावर आला तेव्हा न जन्मलेल्या पिढीचा लाडका चित्रपट केले. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा हिंदी पण महाराष्ट्राच्या मातीतला भयपट २०१८मध्ये लागला आणि २०२४च्या पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. मधल्या सहा वर्षांत त्याचा निकाल रसिकांच्या तोंडी चर्चेने फिरवला होता. वन्समोअर पुन्हा एकदा चित्रपटगृहात परतला तो असा.

मत टिकते आणि चित्रपट हरवतो, हीही या इतिहासातील वस्तुस्थिती आहे. भारतात तयार झालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी फारच थोडे, तेही पुष्कळदा तुकड्यांत, उरले आहेत. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते, आणि पुण्यातील जुन्या प्रभातच्या आवारातील साठ्यालाही २००३मध्ये आग लागली. बाबूराव पेंटर यांचा १९२५चा ‘सावकारी पाश’, ज्यात सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांताराम यांनी केली होती, आज पाहायला मिळत नाही. पेंटर यांनीच त्याची बोलपट आवृत्ती १९३६मध्ये केली, आणि तिच्याविषयीची एक आठवण जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवली आहे. रात्रीच्या अंधूक उजेडातली एक उदास झोपडी लांबून दिसते आणि दूर कुठेतरी एक कुत्रे विव्हळते, एवढेच ते दृश्य, पण ते आठवले की भान हरपते, असे त्यांनी म्हटले आहे. हे वाडिया म्हणजे ‘हंटरवाली’ काढणाऱ्या वाडिया मूव्हिटोनचे संस्थापक, ज्यांच्या कंपनीचे चित्रपट घोड्याच्या टापांनी आणि चाबकाच्या फटकाऱ्यांनी पिट दणाणून सोडत.